नीलिमाअक्कांची दुसरी बुडी

नीलिमाअक्का रागावल्या की ते कुणाला दिसत नाही. त्या आवाज चढवत नाहीत, भांडी आपटत नाहीत; उलट त्या दिवशी पानात एखादा पदार्थ जास्तच असतो. पण त्या विसरत नाहीत. बंगळूरच्या पीण्या भागातल्या ज्या कारखान्यात त्या माल रवाना करण्याचं काम बघतात, तिथं एका लॉरीवाल्यानं त्यांना भर फाटकात 'अज्जी' अशी हाक मारली होती. अक्कांचे केस तेव्हा नुकते कुठं पांढरे व्हायला लागले होते. त्या दिवसापासून त्या लॉरीचे कागद सगळ्यांत शेवटी तयार व्हायला लागले. सही, शिक्का, सगळं नियमात, फक्त शेवटी. त्या माणसानं दसऱ्याला मिठाई आणून दिली, देवापुढं नारळ फोडला, पण आपलं कुठं चुकलं ते त्याला अखेरपर्यंत कळलं नाही. मिठाई मात्र अक्कांनी घेतली.

अशा बाईची चारचौघांत खिल्ली उडवणारा माणूस एकतर अजाण असला पाहिजे, नाहीतर घरचा जावई. अभिमन्यूराव जावई होते.

अक्कांच्या नणंदेचे, सुखदाचे, ते यजमान. मूळचे पुण्याचे, कंप्युटरच्या धंद्यातले, हेब्बाळला तळ्यासमोरच्या उंच इमारतीत राहणारे. अक्कांचं सासर बंगळूरात तीन-साडेतीनशे वर्षं मुरलेलं. बोलण्यात निम्मं कन्नड, वडीलधाऱ्यांना अण्णा-अक्का, सणाच्या पुरणपोळीला होळिगे. पण जावयाच्या बाबतीत घर अजून जुन्या रीतीचं. पहिलं पान जावयाचं, आणि जावयाच्या शब्दाला उलट शब्द नाही. त्यानं सार खारट म्हटलं की सार खारट. अभिमन्यूरावांना ही रीत फार मानवली होती. पुण्यात त्यांना कुणी असं वागवलं नसतं.

स्कूबाचं खूळ त्यांनीच घरात आणलं. अंदमानला जाऊन ते समुद्रात बुडी मारायला शिकून आले होते आणि त्याचं कार्ड पाकिटात बाळगायचे. प्रत्येक पंगतीत, ताकभात होईपर्यंत, ते कार्ड एकदा तरी बाहेर निघायचं. त्यांचं ऐकून ऐकून अक्कांची मुलगी आर्या, जी कोरमंगलात नोकरी करते, तिनं आईच्या वाढदिवसाला पोहण्याच्या तलावात एका सकाळच्या स्कूबाची भेट दिली. जावईबापू हौसेनं बरोबर आले, फोन घेऊन.

पाणी कमरेएवढं होतं. पाठीवर सिलिंडर, नाकाडोळ्यांवर मास्क, तोंडात रबरी नळी. शिकवणारा कार्तिक, तिशीतला, मैसूरकडचा, शांतपणे सांगत होता की गुडघ्यांवर बसा, डोकं पाण्याखाली घ्या आणि तोंडानं श्वास घ्या. अक्का बसल्या. डोकं खाली गेलं. एक श्वास आला, दुसरा आला. मग नाक श्वास मागू लागलं. नाक बंद आहे, ते बंदच ठेवायचं आहे, हे डोक्याला कळत होतं, पण छातीला पटेना. पन्नास वर्षं नाकानं श्वास घेतलेली छाती ती. अक्कांनी नळी थुंकली, मास्क ओढून काढला, कार्तिकचा गळा पकडला, आणि उभ्या राहिल्यावरही, पाणी कमरेपाशी आणि तोंड उघड्या हवेत असताना, डोळे घट्ट मिटून त्या ओरडत राहिल्या, "हवा नाही, हवा नाही."

जानेवारीत बंगळूरातल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. फिशपोंडच्या निनावी चिठ्ठ्या वाचायला दरवर्षीप्रमाणे अभिमन्यूराव उभे होते. एक चिठ्ठी उलगडून, घसा साफ करून त्यांनी वाचलं:

"पाठीवर हवा, तोंडात हवा, तरी म्हणे हवा नाही;
कमरेएवढ्या पाण्यात बुडाल्या आमच्या नीलिमाबाई!"

वाचून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून, हात झाडून नक्कलही केली. हॉल हसून कोसळला. अक्कांनी शेजारी पाहिलं. त्यांचे यजमान श्रीकांत हसत होते. जावयाचा मान राखायला माणूस हसतो तसं नाही, खरोखर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी परतताना म्हणाले, "अगं, गंमत असते ती." दुसऱ्या दिवशी अक्कांनी कोशिंबीर, भजी आणि शेवयांची खीर केली.

ती दोन ओळींची कविता महिनाभर त्यांच्या मागं फिरली. हळदीकुंकवाला गेल्या तर कुणीतरी वाण देता देता म्हणायचं, भाजीच्या दुकानात मंडळातली एखादी भेटली तर ती आधी हसायची, मग बोलायची. जावयाला उलट बोलायची सोय नव्हती. अक्कांनी डूख धरला.

उट्टं काढायचं, पण ओट्यावर नाही, हॉलमध्ये नाही, पाण्यात. दर हिवाळ्यात अभिमन्यूराव मंडळातल्या हौशी लोकांना घेऊन मुरडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला बुड्या मारायला जायचे. येत्या हिवाळ्यात त्याच बोटीवर, त्याच हसणाऱ्या लोकांसमोर, त्या दोन ओळी जावईबापूंच्याच घशात घालायच्या. कशा, ते तेव्हा ठरलं नव्हतं. आधी पाण्याखाली बसता तर आलं पाहिजे.

त्यांनी कार्तिकला फोन केला. ज्याचा गळा धरला त्यालाच पुन्हा विचारायचं म्हणजे लाज वाटत होती, पण तो 'या अक्का' एवढंच म्हणाला. या वयाला डॉक्टरचा कागद लागतो, तो त्यांनी गुपचूप आणला. घरी सांगितलं, योगाचा वर्ग लावलाय. श्रीकांतना बरं वाटलं.

पहिले काही रविवार रागानं निभावून नेले. डोकं पाण्याखाली घेतलं की छातीत तोच कालवा उठायचा, पण तेवढ्यात हॉल आठवायचा, हात झाडणारे जावई आठवायचे, आणि अक्का दात नळीत रुतवून बसून राहायच्या. भीतीपेक्षा राग मोठा आहे असं त्यांना वाटलं. खोल भागात उतरेपर्यंत ते चाललंही. मग एके दिवशी कार्तिकनं त्यांना लवकर वर आणलं आणि सिलिंडरच्या हवेचा काटा दाखवला. तो तांबड्या पट्ट्यात गेला होता. बरोबर शिकणाऱ्या दोघांची हवा अजून निम्मी शिल्लक होती.

"अक्का, खाली कुणाशी भांडता?" त्यानं विचारलं.

अक्कांनी त्याला सगळं सांगितलं. सबंध बंगळूरात तो एकटाच, ज्याला त्यांनी हे सांगितलं. त्या दोन ओळीही कन्नडात करून ऐकवल्या. कन्नडात यमक जुळेना, आणि कार्तिक हसला नाही. त्याच क्षणी तो त्यांना आवडला.

"भांडा," तो म्हणाला. "भांडू नका असं मी म्हणत नाही. पण भांडणालाही श्वास लागतो. असं जोरजोरात ओढत राहिलात तर त्या माणसापर्यंत पोचायच्या आधी तुमचीच हवा संपेल. निधाना, अक्का. सावकाश. घ्यायचा विचारच करू नका. नुसता सोडा, लांब सोडा. आत यायचा तो आपसूक येतो."

लांब म्हणजे किती लांब? मनात आकडे मोजून पाहिले, पण भीती वाटली की आकडे पळायला लागायचे. देवाचं नाव घेऊन पाहिलं, तेही धावायला लागलं. मग एका रविवारी तळाशी गुडघ्यांवर बसल्या असताना त्यांच्या मनात त्या दोन ओळी आपणहून आल्या, आणि अक्कांनी पहिली ओळ श्वास सोडता सोडता मनातल्या मनात म्हटली, एकेक शब्द तोडून, पोथी वाचावी तशी. पाठीवर हवा. तोंडात हवा. तरी म्हणे. हवा नाही. बुडबुडे संथपणे वर गेले. मग दुसरी ओळ. त्या ओळी त्यांना इतक्या पाठ होत्या की त्या पळूच शकत नव्हत्या. जावयानं दिलेली शिवीच त्यांनी श्वासाचं माप म्हणून वापरायला घेतली. त्या दिवशी काटा निम्म्यावर थांबला.

तरी एक गोष्ट साधेना. पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, नाक उघडं ठेवून तोंडानं श्वास घेत राहायचं, मग मास्क पुन्हा घालून नाकानं हवा फुंकून आतलं पाणी बाहेर घालवायचं. ही परीक्षेतली अट. अक्का मास्क काढायच्या, पाणी नाकपुड्यांना लागायचं, आणि पुढं काय झालं ते त्यांना थेट वर आल्यावर कळायचं. एकदा ठसका लागून त्या कितीतरी वेळ काठावर खोकत बसल्या आणि म्हणाल्या, कार्तिक, हे माझ्या हातून होणार नाही. तो म्हणाला, सरी, ठीक आहे, आज नको. त्यानं समजूत काढली नाही, म्हणूनच त्या पुढच्या रविवारी परत गेल्या.

मधल्या दिवसांत त्यांनी घरीच उपाय केला. एक साधी श्वासाची नळी विकत आणली. कामावरून आल्या की न्हाणीघरात बादली भरायच्या, नळी तोंडात धरून मास्कशिवाय चेहरा पाण्यात बुडवायच्या आणि त्या दोन ओळी म्हणायच्या. आधी एकदा, मग पाच वेळा, मग गॅसवरचं दूध आठवेपर्यंत. बाहेर विचित्र घुरघुर ऐकू यायची. श्रीकांतनी दार वाजवून काय चाललंय म्हणून विचारलं.

"जलनेती," अक्का आतून म्हणाल्या.

श्रीकांतनी मंडळात चारजणांना सांगितलं की बायकोचा योग फार पुढं गेलाय.

पावसाळ्याच्या आधी तलावातली परीक्षा झाली. मग कारखान्याच्या कामाचं निमित्त काढून अक्का कार्तिकच्या तुकडीबरोबर पाँडिचेरीला जाऊन आल्या आणि समुद्रातली परीक्षाही देऊन आल्या. त्यांनाही कार्ड मिळालं. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. पीण्यातल्या आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि हिवाळ्याची वाट पाहिली.

डिसेंबरात मंडळी मुरडेश्वरला पोचली, तेव्हा धक्क्यावर नीलिमाअक्का आधीच बसलेल्या होत्या. बोट कार्तिकची होती. त्याच्याकडे त्यांनी परस्पर नाव नोंदवलं होतं. सुखदा म्हणाली, "वहिनी, तू? दादाला माहीत आहे?" अभिमन्यूरावांनी गॉगल कपाळावर घेतला.

"अक्का, इथं कमरेएवढं पाणी नाही बरं का," ते म्हणाले, आणि सगळी बोट हसली.

"तुम्ही आहात ना बरोबर," अक्का म्हणाल्या, आणि डब्यातली पहिली इडली त्यांनी रीतीप्रमाणे जावयाला दिली.

पाण्यात कुणी एकटं उतरायचं नाही हा नियम. प्रत्येकाला एक जोडीदार, त्याला हे लोक बडी म्हणतात. उडी मारण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचं सगळं सामान तपासायचं, खाली एकमेकांना सोडायचं नाही. कार्तिकनं जोड्या वाचल्या. अक्कांनी मागून घेतलेली जोडी तशीच होती: अभिमन्यूराव आणि नीलिमाअक्का. जावईबापूंनी त्यांचे पट्टे नीट न बघताच पाठीवर थाप मारली. अक्कांनी मात्र त्यांचं सगळं तपासलं, एकेक बकल ओढून.

दोराला धरून सगळे खाली गेले. पाणी हिरवट आणि गढूळ होतं, चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. अंदमानचं निळं पाणी सोडलं तर अभिमन्यूरावांनी फार काही पाहिलं नव्हतं. दरवर्षी ते एकदा उतरायचे आणि बाकीचा वेळ फोटो काढायचे. अक्कांचं लक्ष त्यांच्या बुडबुड्यांकडे होतं. ते घाईघाईनं, तुटक निघत होते. हे बुडबुडे अक्कांच्या ओळखीचे होते.

मग पुढच्या कुणाच्या तरी पायातलं फिन, ते पोहायचं रबरी वल्हं, मागं आलं आणि जावईबापूंच्या मास्कला लागलं. फार काही झालं नाही. मास्क थोडा सरकला, आत पाणी शिरलं. पण अभिमन्यूरावांचे हात सुटले. ते झाडू लागले, अगदी नकलेत झाडले होते तसे, आणि वर पळायला निघाले. तिथून एकदम वर जाणं म्हणजे फुफ्फुसं फुटायची भीती. अक्कांनी त्यांच्या जाकिटाचा पट्टा पकडला. मास्कमागं पाण्यात त्यांचे डोळे मोठे झाले होते.

एक श्वासभर अक्कांनी काहीच केलं नाही. नुसतं धरून ठेवलं आणि पाहिलं. हे त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही, पण तो श्वास त्यांच्या हिशेबात आहे.

मग त्यांनी जावयाला आपल्याकडे ओढलं, तोंडातली नळी निसटू नये म्हणून तिच्यावर तळहात दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या डोळ्यांसमोर सावकाश दाखवलं: सोड. लांब सोड. पाण्याखाली अहो-जाहो नसतं. त्यांच्याबरोबर अक्काही सोडत राहिल्या. पुन्हा. पुन्हा. मग त्यांचा हात धरून मास्कवर ठेवला, आणि जावयानं नाकानं फुंकून पाणी बाहेर घालवलं. तोवर कार्तिक पोचला होता. तिघं दोरानं हळूहळू वर आले.

बोटीत अंग पुसत अभिमन्यूराव बसले. बाकीचे एकेक करून वर आले आणि विचारू लागले की ही जोडी आधी का परतली. अक्का केस पिळत होत्या. त्यांनी अजून काही ठरवलं नव्हतं.

"अक्का जरा घाबरल्या," अभिमन्यूराव म्हणाले. "म्हटलं, उगाच रिस्क नको. घेऊन आलो वर."

कुणीतरी मागून 'पाठीवर हवा, तोंडात हवा' सुरू केलं. दोघंतिघं हसले. सुखदानं अक्कांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, असू दे गं वहिनी. कार्तिकनं तोंड उघडलं. अक्कांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली.

"बेडा," त्या कन्नडात म्हणाल्या. नको.

कारण सकाळच्या फेरीत दोन बुड्या असतात. मध्ये तासभर विश्रांती, मग दुसरी.

तो तास अक्कांनी फार निवांत घालवला. कलिंगड खाल्लं, सुखदाला आर्याच्या नोकरीबद्दल सांगितलं. मग कार्तिकनं तयारी करायला सांगितलं. सगळ्यांनी जड सिलिंडर पाठीवर घेतले आणि उन्हात बोटीच्या काठावर ओळीनं बसले. अक्का सगळ्यांत पुढं बसल्या. हात गार पडले होते, जीभ कोरडी झाली होती. हे त्यांना दर वेळी होतं, अजूनही होतं. शेजारची जागा रिकामी होती.

"तुम्ही व्हा पुढं," अभिमन्यूराव मागून म्हणाले. "माझं आज पुरे."

"कसं होणार?" अक्का म्हणाल्या. "जोडीशिवाय सोडत नाहीत. तुमच्यावाचून माझं अडलंय, अभिमन्यूराव. जावयाशिवाय पंगत कशी बसवायची?"

लोक हसले, पण थांबले. पाठीवर ओझं, अंगाला चिकटलेला रबरी पोशाख, वर ऊन. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. अभिमन्यूराव म्हणाले की कान दुखतोय.

कार्तिक लगेच गंभीर झाला. खालून आल्यावर कान दुखत असेल तर ते साधं नसतं, तो म्हणाला. पडदा फाटलेला असू शकतो. तसं असेल तर दुसरी बुडी रद्द, बोट आत्ताच्या आत्ता किनाऱ्याला, तिथून डॉक्टर. हे सांगताना त्यानं अक्कांकडे पाहिलं नाही. ओळीत कुजबुज सुरू झाली. रात्रभर बसनं आलेली माणसं ती, एका बुडीवर परत जायला कुणाचं मन तयार होईना. सुखदा घाबरून नवऱ्याच्या कानात डोकावू लागली.

"दुखतोय ना?" अक्कांनी विचारलं. आवाज इतका मऊ की खीर वाढत असाव्यात. "मग जाऊ या. तुमच्यापेक्षा का आम्हाला बुडी जास्त आहे?"

अभिमन्यूरावांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाले.

"ऐकू नाही आलं," अक्का म्हणाल्या. "इंजिनाचा आवाज आहे."

इंजिन बंद होतं.

"कान नाही दुखत," ते मोठ्यानं म्हणाले. "मला भीती वाटतेय. मघाशीही मीच घाबरलो होतो. अक्कांनी धरलं, म्हणून वर आलो."

जवळजवळ वर्षभर अक्कांनी या क्षणाची वाट पाहिली होती. बादलीत तोंड घालून पाहिली होती. आता बोट हसेल, आडवी होईल, आणि त्या शांतपणे नळी तोंडात धरून उडी मारतील. पण कुणी हसलं नाही. एकानं मास्कची काच पुसायला घेतली, दुसरा पायातलं फिन उगाच घट्ट करू लागला. त्यातल्या निम्म्यांच्या माना खालीच होत्या. हसा की, अक्कांना वाटलं. माझ्या वेळी तर छप्पर उडवलं होतंत.

तरी गोड लागलं. लागलं नाही असं त्या म्हणणार नाहीत.

कार्तिक स्वतः त्यांचा जोडीदार झाला. दोघं मागं कलंडून पाण्यात पडले. दुसऱ्या जागी पाणी बरंच स्वच्छ होतं. खडकाला लागून पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा होता. अक्का पुढं गेल्या की तो मधोमध दुभंगायचा आणि मागं पुन्हा जुळायचा. एका फटीत एक काळपट, जाडजूड ईल मासा तोंडाची उघडझाप करत बसला होता, पेन्शनीला आलेल्या कारकुनासारखा. अक्का त्याच्यासमोर तरंगत राहिल्या. कार्तिकनं काटा दाखवून वर जायची खूण केली, तेव्हा त्यांना वाटलं की हे फार लवकर होतंय. वर येऊन मास्क काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खाली रागवायचं राहूनच गेलं.

बोटीच्या शिडीशी अभिमन्यूराव उभे होते. त्यांनी हात देऊन अक्कांना वर घेतलं, सिलिंडर उतरवून ठेवला, कलिंगडाची फोड पुढं केली. परतीला बोट निघाली, लोक पांगून गप्पा मारत बसले, तेव्हा ते हळूच शेजारी येऊन टेकले.

"अक्का," ते म्हणाले, "संमेलनात... म्हणजे फिशपोंडमध्ये... हे येणार आहे का?"

अक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खाली मास्कमागं होते तसेच डोळे. त्यात आता पाणी नव्हतं, पण बाकी सगळं तेच. दिवसभरात बोट कोसळली नव्हती, छप्पर उडालं नव्हतं. जे मनात धरून त्या वर्षभर बादलीत बुडल्या, ते शेवटी या एका चेहऱ्यात आलं होतं. ते एकदम खर्ची घालायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि कलिंगडाच्या बिया एकेक करून पाण्यात टाकू लागल्या. संमेलनाला अजून चांगला महिनाभर अवकाश होता.